घरातल्या घरात

सर,

"घरातल्या घरात बरं असतं" असं तुम्ही म्हणालात, त्या सकाळी माझं कॉलेज संपलं. त्यानंतरही काही दिवस मी वर्गात जाऊन बसत होतो, हजेरीला ओ देत होतो, पण तो आपला देह जाऊन बसायचा. पेडगावात लोक अजून सांगतात की ह्यांचं पोरगं परभणीला शिकायला गेलं आणि एका पोरीपायी वाया गेलं. सांगोत बापडे. पोरीनं माझं काही वाकडं केलं नाही. मी गेलो तो तुमच्या त्या एका वाक्यापायी, आणि ते म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तुमच्या भाड्याच्या घरामागची ती पत्र्याची खोली, खिडक्यांवर ओली पोती, परड्यांतून अळ्यांचा पानं कुरतडल्याचा एकसारखा आवाज, आणि तुम्ही एरंडाच्या पानाचा देठ मोडता मोडता, आज ऊन जरा जास्तच आहे अशा सुरात सांगताय: "लग्नसराईत कार्य काढलंय घरी. आपल्या बाईचं." लेकीला तुम्ही बाई म्हणायचात. "आक्काच्याच पोराला दिली. पाळण्यातला शब्द हाय म्हण की. नवी माणसं शोधा, नव्यानं ओळखी करा, कशाला पायजे? घरातल्या घरात बरं असतं." आणि लगेच, त्याच श्वासात, "खालच्या परडीला पानं कमी पडलीत, बघ जरा." मी वाकलो आणि पानं टाकली. माझ्यासारखा तापट माणूस, ज्यानं मेसमध्ये वरण पातळ आहे म्हणून पातेलं पालथं केलं होतं, तो "बरं" म्हणाला आणि पानं टाकत बसला.

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. होता तेव्हा तुम्हाला चार ओळी लिहायची माझी छाती झाली नाही. आता जिथं कुठला पोस्टमन पोचत नाही तिथं तुम्ही आहात, म्हणून हाताला जोर आलाय. तसंही काल सोनपेठच्या बाजारात जे झालं, त्यानंतर मला कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण जाणार नाही, आणि भांडायला तुमच्याइतकं जवळचं माणूस मला अजूनही दुसरं नाही. हेच तर दुखणं आहे.

पहिली भेट तुम्हाला आठवत नसेल. मला आठवते. प्रॅक्टिकलचा तास होता. तुम्ही टेबलावर परडी ठेवली आणि झाकण काढलं, तशा पोरांनी खिशातल्या दस्त्या काढून नाकाला लावल्या. बोटाएवढ्या पांढऱ्या, अंगभर पीठ फासल्यासारख्या अळ्या, एरंडाच्या पानावर तुटून पडलेल्या. मी एक उचलून तळहातावर घेतली. मेंढराच्या खुरातले किडे काडीनं काढत मोठा झालेला मी, मला त्यात शिसारी कसली? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कुठला रं तू?" म्हटलं, पेडगावचा. "घरी काय करतेत?" म्हटलं, मेंढरं हायत, थोडं कोरडवाहू हाय. "मेंढा घरचाच ठेवता का?" म्हटलं, न्हाई सर, घरचा ठेवला की पिल्लं बारीक पडतेत, बा पोखर्णीकडून बदलून आणतो. तुम्ही मान डोलावलीत. "मग अर्धं काम झालेलंच हाय. संध्याकाळी घरी ये." त्या दिवसापासून माझं नाव गेलं. तुम्ही मला पेडगाव म्हणायला लागलात, मग काकू म्हणायला लागल्या, आणि मग ती.

लोक तुम्हाला मागं अळीवाले सर म्हणायचे, आणि मला होस्टेलवर सरळ किडा. ही अळी पाळणाऱ्या बाकी सगळ्यांना तिच्या कोषात रेशीम दिसायचं. तुम्हाला कोंबडीच्या पुढ्यातलं खाद्य दिसायचं. "कोष सगळेच बघतेत, आत काय हाय ते कोण बघतंय?" असं म्हणत तुम्ही कोष कापून आतला तपकिरी, गुळगुळीत, अर्धवट झोपलेला किडा बाहेर काढायचा आणि सोनाराच्या तराजूत तोलायचा. जड निघाला तर तो पुढच्या पिढीच्या बियाला. हलका निघाला तर उकडायचा, वाळवायचा, कुटायचा आणि ज्वारीच्या भरड्यात मिसळून कोंबड्यांना. दर पिढीला हेच. बियाला, कोंबड्याला, कोंबड्याला, बियाला. तुमची बोटं तराजूवर आणि तोंडानं हा जप. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "लोक त्या तराजूत सोनं तोलतेत, आमच्याकडं किडे!" तुम्ही म्हणायचात, "अगं, पेंड कोंबडीला घालणं गरिबाला झेपंना, सुकट इथवर येईना. मग त्याच्या कोंबडीनं अंगावर मांस धरावं कशाच्या जिवावर? बांधावर एरंड फुकट उगवलाय. एरंडाची अळी, अळीची कोंबडी, कोंबडीचं अंडं लेकराच्या ताटात." काकू म्हणायच्या, "तुमच्या त्या कोंबडीचं अंडं माझ्या ताटात नका आणू म्हंजे झालं." पण मला जेवायला वाढायच्या. मी दारातच घुटमळलो की तुम्ही ओरडायचात, "लाजतोस काय पाव्हण्यावाणी? बस. तू घरचाच हाईस." ते वाक्य मी होस्टेलच्या खाटेवर पडल्या पडल्या किती वेळा मनात म्हणून बघितलं, ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही जपून बोलला असता.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. कधी बाजार बंद, कधी एसट्या बंद, कधी कॉलेजला कुलूप. होस्टेल रिकामं व्हायचं. मी मात्र गावी जायचो नाही, कारण अळ्यांना बंद माहीत नसतो. शुकशुकाट झालेल्या रस्त्यानं एरंडाच्या पानांचं ओझं डोक्यावर घेऊन मी यायचो, पोलीस हटकायचे, "काय हाय त्यात?" आणि मी म्हणायचो, "किड्याचं जेवण," आणि ते हसून सोडून द्यायचे. त्या दिवसांत 'सुधारित जात' असा शब्द वर्गात निघाला की सगळ्या माना वर व्हायच्या, म्हणून तुम्ही तो शब्दच टाकला होता, 'वाण' म्हणायचात. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी नामांतरावर घाणेरडं बोललं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "बियाला अळी निवडताना मी तिला तिचं घराणं विचारत न्हाई," तुम्ही म्हणालात, "तिचं वजन बघतो. तुमी एकमेकांना काय विचारता ते तुमचं तुमी बघा." असं उघड बोलणारे तेव्हा फार नव्हते, सर. मी बाकावर ताठ बसलो. मला वाटलं, ह्या माणसाला जीभ एकच आहे.

मग वाण बसायला लागला. सुरुवातीच्या पिढ्या काय जोमात होत्या! पण पुढं पुढं पतंगांची अंडी चपटी पडायला लागली, अळ्या पान सोडून परडीच्या कडेला जाऊन नुसत्या बसायला लागल्या, एकीची दुसरीशी लांबी जुळेना. तुम्ही कपाळाला हात लावलात. "घरातल्या घरात जोडून जोडून खचला बघ, पेडगाव. भावाला बहीण, चुलत्याला पुतणी. दुसरं काय व्हणार?" हे शब्द तुमचे आहेत, सर, माझे नाहीत. 'घरातल्या घरात' हा शब्द मी तुमच्याच तोंडून शिकलो, आणि तो रोगाचं नाव म्हणून शिकलो. मग तुम्ही दोन ठिकाणांहून वेगवेगळं बी मागवलंत. बिनडागाची अळी तुमच्या सोनपेठच्या मळ्यात भावाकडे ठेवलीत, आणि डागाची माझ्या हवाली केलीत, आमच्या पेडगावच्या छपरात. दोन्ही वाण एकमेकांत मिसळायला नकोत म्हणून. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. बा म्हणाला, "लोक मेंढरामागं हिंडतेत, आमचं येडं अळ्यामागं." पण मी तो वाण राखला. आणि मग एका सुट्टीनंतर पेडगावचे नर मी परभणीला आणले, सोनपेठच्या माद्या तुम्ही आणल्या, आणि जोड्या लावल्या.

ती पिढी तुम्ही तोलली तो दिवस. तराजूचं पारडं खाली गेलं ते वर येईना. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आरोळी ठोकलीत, "अगं ए, पेडगाव-सोनपेठ जमलं!" आतून तिचा आवाज आला, "काय जमलं, अण्णा?" आणि तुम्ही, देवा शप्पथ, तुम्ही म्हणालात, "सोयरीक! लांबची जोड हाय, म्हणून जोम बघ ह्येचा!" ती दारात आली. तिनं आधी तराजूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. सांगा आता. सोनपेठच्या घरातली मुलगी, पेडगावचा मी, आणि तिचा बाप आनंदानं ओरडतोय की सोयरीक जमली. विशीतल्या पोरानं ह्यातून काय समजायचं? होस्टेलवर माझ्या खोलीतला पोरगा तर खाटेवर उभा राहून नाचला. "लेका, मास्तरनं होकार दिला की! अजून काय ताशा लावून सांगावं का?" म्हटलं, अरे, ते अळ्याचं बोलायले होते. "मग? मोठी माणसं असंच बोलतेत. अळीला बोलं, जावयाला लागं!" मी त्याला उशी फेकून मारली, आणि मग त्याच उशीवर डोकं ठेवून सकाळपर्यंत हसत पडलो.

तिच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही बाप होता, आणि तुम्ही काहीच बघितलं नाहीत. पानं देठापासून सोडवायला ती माझ्यासमोर बसायची. एरंडाच्या चिकानं तिची बोटं काळपट व्हायची, आणि अळी हातावर घेतली की तिचं पांढरं पीठ नाकाला लागायचं. मी सांगायचो नाही. ते पीठ मला बघायचं असायचं. "ओ पेडगाव, तुमच्या लेकरांनी पानं संपवली, बघायलाव का नुसतं?" असं ती सगळ्यांदेखत म्हणायची. तुमच्या आक्का दिवाळीला आल्या होत्या तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावून खोलीत डोकावलं आणि तुम्हाला म्हणाल्या, "ह्या किड्यापायी माझ्या सुनंचे हात काळे करायलास का रं?" सगळे हसले. मीही हसलो. आत्या भाचीला सून म्हणतेच, आमच्याकडेही म्हणतात. मी थट्टा समजलो. ती तेवढी हसली नाही. आक्का गेल्यावर एकदा पानं सोडवता सोडवता तिनं मला विचारलं, "अण्णा म्हणतेत, लांबची जोड चांगली असती. तुमचं काय म्हणणं हाय?" मी म्हटलं, सर म्हणतेत ते बरोबरच हाय. तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "सर काय म्हणतेत ते मी विचारलं न्हाई." आणि उठून गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल.

म्हणून म्हणतो, तुमचं ते वाक्य माझ्यावर कसं पडलं ते तुम्हाला कळणार नाही. नकार नव्हता तो. नकार द्यायला माणूस आधी मोजणीत असावा लागतो. तुम्ही मला तराजूत घालून हलका म्हणाला असता, तरी मी मान खाली घालून उठलो असतो. तुमच्या तराजूवर माझा तेवढा विश्वास होता. तुम्ही मला पारड्यात घातलंच नाहीत. तोलल्याशिवाय कोंबड्याला टाकलंत. आणि वर लग्नाच्या धांदलीत मला बोलावून म्हणालात, "अळ्या शेवटच्या टप्प्यात हायत, खादाड झाल्यात. कार्याच्या दिवसांत दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई. तू घरचाच हाईस."

मी थांबलो. का थांबलो, हे मला माझं मलाच सांगता येत नाही. मांडव घरापुढे, मी घरामागे. पुढं सनई, आणि माझ्याभोवती अळ्यांच्या चावण्याचा तो आवाज, पत्र्यावर भुरभुर पडत राहावी तसा. हळदीच्या दिवशी दुपारी मागचं दार लोटलं गेलं आणि ती आत आली. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा. दोन बायका बाहेर हौदापाशी भांडी घासत होत्या, त्यांना काहीतरी सांगून आली असणार. आम्ही दोघंच. तिनं परडीकडे हात नेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "हळदीच्या हातानं पानाला शिवू नका." हा तुमचा नियम, सर. हळद, अत्तर, तंबाखू, काही म्हणून पानाला लागता कामा नये. ती थांबली. हात तसाच हवेत. "शिवत न्हाई," ती म्हणाली. "एवढंच बोलायचं हाय का, पेडगाव?" मी परडीत बघत राहिलो. "बरं," ती म्हणाली, अगदी मी त्या सकाळी म्हणालो होतो तसंच. दाराच्या कडीला हळदीची बोटं उमटली होती. ती मी पुसली. अळ्यांना बाधू नये म्हणून.

आता कालचं ऐका. मी सोनपेठच्या बाजारात बोकडं घेऊन गेलो होतो. मागून हाक आली, "ओ पेडगाव!" ह्या नावानं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलंय. वळून बघितलं तर ती, अंगानं जरा भरलेली, हातात भाजीची पिशवी, आणि दोन बाजूंना दोन लेकरं, दोघांच्याही तोंडात उसाचं कांडकं. "अजून नाकावर राग हाय का?" म्हटलं, न्हाई. "खोटं." मग तिनं लेकरांना पुढं ढकललं. "ह्ये पेडगावचे मामा. पाया पडा रे मामाच्या." पडली की हो पाया! मामा. म्हणजे शेवटी मला घरात घेतलंच, सर, पण ते असं. आणि मी काय केलं सांगू? मी त्या लेकरांना न्याहाळायला लागलो. कोकरू घेताना बघतो तसं. डोळे बघितले, कान बघितले, दोन-चार शब्द बोलायला लावलं. मी खोट शोधत होतो. इतक्या वर्षांत माझ्या मनात कुठंतरी हे पक्कं बसलेलं होतं, की तुमचाच नियम तुमच्या घरात एक दिवस उभा राहील आणि मी म्हणेन, बघा. थोरल्यानं उसाचा चोथा थुंकला आणि विचारलं, "मामा, ह्यो बोकड मारका हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याची शिंगं धरून त्याला जागच्या जागी उभा केला. मला जो बोकड दावणीला आवरत नाही तो! ती हसली. "अण्णा असते तर म्हणले असते, जोम बघ ह्येचा." दोन्ही लेकरं ठणठणीत आहेत, सर. दात तर असे की ऊस सोलायला कोयता नको. तुम्ही दगा दिलात तो दिलात, तुमच्या नियमानंही दिला.

मी गेल्यावर पेडगावचं बी तुमच्याकडे परत कधी आलं नाही. कुणासाठी आणायचं? माझ्या अळ्या आईनं कोंबड्यांना घातल्या, आणि खोटं कशाला सांगू, त्या वर्षी अंडी मोठी झाली. तुम्ही उरलेलं बी आपसातच जोडत राहिलात म्हणे, आणि तो वाण पिढी दर पिढी बसत गेला. तुम्ही गेलात तेव्हा परड्या रिकाम्या होत्या, असं त्या माझ्या खोलीतल्या पोरानं पोखर्णीच्या यात्रेत भेटल्यावर सांगितलं. मातीला तर मी आलोच नव्हतो. इकडे आई मामाच्या पोरीचा विषय काढते आणि मी ताट सारून उठतो. "घरातली हाय, बघितलेली हाय," आई म्हणते. ती बिचारी काय म्हणते तेही मी पुरतं ऐकत नाही. 'घरातली' शब्दाशीच माझं डोकं फिरतं.

पण शेवटची सकाळ राहिली. ती सांगितल्याशिवाय हा कागद संपत नाही.

लग्न होऊन गेलंय. मांडवाच्या बांबूंची भोकं अंगणात तशीच आहेत. लग्नात मी राखलेल्या अळ्या कोषात जाऊन आता बाहेर आल्या आहेत. मोठे तपकिरी पतंग, पंखांवर चंद्रकोरी, कालच्या संध्याकाळपासून जोडीनं काड्यांना लटकलेले. खिडकीवरचं पोतं ठिबकतंय. तुम्ही एकेक काडी उचलून तिला बांधलेली आई-बापाची चिठ्ठी वाचताय. एका जोडीपाशी थांबता. "ही दोघं एकाच आईची. सोडव ह्यांना, पेडगाव. हळूच." माझा हात पुढं जात नाही. तुम्ही पुन्हा म्हणता, "सोडव की." आणि मी म्हणतो, "सोडवू कशाला, सर? घरातल्या घरात बरं असतं."

तुम्ही आधी हसता. मग माझ्या तोंडाकडे बघता आणि तुमचं हसू अर्ध्यातच थांबतं. "अरे, अळ्याचं येगळं, माणसाचं येगळं."

"काय येगळं हाय?"

तुम्ही चष्मा काढता, धोतराच्या सोग्यानं पुसता. "अळ्यांना आक्का नसती रं," तुम्ही म्हणता. "रुसून माहेर तोडायला."

"आणि पेडगाव-सोनपेठ?"

"त्येचं काय?"

"जमलं म्हणला होतात. सोयरीक म्हणला होतात. तिच्यादेखत."

तुम्ही चष्मा परत लावता. आता कुठं तुम्ही मला बघता, सर. त्या सगळ्या काळात पहिल्यांदा, काचेतून, तराजूतल्या किड्याकडे बघता तसं, नीट. तुमच्या ओठांची हालचाल होते. "अरे... ती तर वाणाची नावं होती." आणि मग, माझ्या खांद्याकडे हात नेत, अगदी मायेनं: "आणि तू काय परका हाईस का? तू तर घरचाच हाईस."

माझ्या अंगात आग भरते. मी तुमचा हात खांद्यावर पडू देत नाही. त्या एकाच आईच्या जोडीला मी सोडवत नाही. पिशवी उचलतो आणि बाहेर पडतो. होस्टेलवरच्या माझ्या खोलीतल्या पोरानं नंतर सगळ्यांना सांगितलं की मी असं दार आपटलं की पत्रे खणाणले, आणि ती गोष्ट पेडगावपर्यंत आली, आणि मी ती कधी खोडली नाही. रागीट माणसाला शोभणारी गोष्ट होती. तुम्ही मात्र आत होता, तुम्हाला माहीत आहे. दाराला हात लावला तेव्हा मला आतल्या काड्या दिसल्या. जोड्या लागलेल्या असताना दार आपटायचं नाही, हादऱ्यानं सुटतात. मी दार दोन्ही हातांनी धरलं, जरासं उचललं, कारण त्याची बिजागरी खाली घासायची, आणि आवाज न करता ओढून घेतलं.